आधी बैठक, मग घुमारा: लॅपटॉपवरचा ऑर्केस्ट्रा एकाच सभागृहात कसा बसवायचा

सातपूरहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला होता. एकांकिकेचं पार्श्वसंगीत करत होता. म्हणाला, "दादा, एकेक वाद्य ऐकलं की छान वाटतं, सगळी एकत्र लावली की नुसता चिखल होतो." प्रोजेक्ट उघडून पाहिला. बावीस ट्रॅक, आणि बावीसही ट्रॅकवर आपापला रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा देणारा इफेक्ट. व्हायोलिनला मोठं चर्च, चेलोला छोटी खोली, ट्रम्पेटला कुठलीशी गुहा. वादक बावीस आणि खोल्याही बावीस. त्यांना एकत्र वाजल्यासारखं वाटणार तरी कसं?

नाशकात हौशी नाटकांसाठी, शॉर्टफिल्मसाठी घरच्या घरी संगीत करणारी बरीच मुलं आता आहेत. वाद्यं फुकट मिळतात, सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं. अडतं ते राउटिंगपाशी. हा शब्द ऐकला की तारांचं जाळं डोळ्यांपुढे येतं. पण आपण मैफलीची बैठक मांडतोच की. गायक मधे, एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे तानपुरे, समोर श्रोते. राउटिंग म्हणजे तीच बैठक सॉफ्टवेअरला समजावून सांगणं. कोण कुठे बसलंय, ऐकणारा कुठे बसलाय आणि हे सगळे कोणत्या एका खोलीत आहेत, एवढं ठरलं की उरलेलं काम बटणांचं.

काय लागेल

मी इथे रीपर हे संगीत मुद्रित आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर धरून सांगतो. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक वापराचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. तुमच्याकडे क्यूबेस, लॉजिक, स्टुडिओ वन काहीही असलं तरी तत्त्व तेच, फक्त बटणांच्या जागा बदलतात. वाद्यांसाठी स्पिटफायर ऑडिओचं बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर घ्या. फुकट आहे आणि जेमतेम २०० एमबीचं असल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही चालतं. रिव्हर्बसाठी ड्रॅगनफ्लाय, हेही फुकट. त्यात हॉल, रूम, प्लेट आणि अर्ली रिफ्लेक्शन्स असे चार वेगळे प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, मिळतात. आपल्याला त्यातले दोन लागतील. शिवाय बरे हेडफोन, आणि जमलं तर साधेच पण दोन स्पीकर.

पहिलं काम कागदावर

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कोरा कागद घ्या आणि अर्धवर्तुळ काढा. प्रेक्षकातून पाहताना डावीकडे पुढे पहिली व्हायोलिन, त्यांच्या आत दुसरी व्हायोलिन, मग व्हायोला, उजवीकडे चेलो आणि त्यांच्या मागे डबल बेस. मधे, दुसऱ्या ओळीत, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून. त्यांच्या मागे डावीकडे हॉर्न, उजवीकडे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. सगळ्यात मागे टिंपनी आणि इतर तालवाद्यं. ही प्रचलित मांडणी झाली. काही ऑर्केस्ट्रांत दुसरी व्हायोलिन उजव्या हाताला समोरासमोर बसवतात, तेही सुंदर वाटतं. तुम्हाला हवं ते ठरवा, पण एकदा ठरवलं की गाणं संपेपर्यंत कुणाला उठवू नका.

मग प्रत्येक ओळीपुढे ऐकणाऱ्यापासूनचं अंतर लिहा. स्ट्रिंग्ज (व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंत) ५ मीटर, वुडविंड (बासरी-ओबोची ओळ) ८, ब्रास (हॉर्न-ट्रम्पेटची ओळ) ११, टिंपनी १४. आकडे अंदाजे चालतील. पण लिहा, कारण पुढची प्रत्येक सेटिंग याच आकड्यांवरून निघणार आहे.

वाद्य आधीच खुर्चीवर बसलंय का, ते तपासा

नव्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

काही लायब्ऱ्या, म्हणजे वाद्यांच्या मुद्रित सुरांचे संच, मोठ्या स्टुडिओत, वादकांना आपापल्या जागी बसवून ध्वनिमुद्रित केलेल्या असतात. बीबीसीची लायब्ररी लंडनच्या मेडा वेल स्टुडिओत अशीच झाली. तिच्यात व्हायोलिन आधीच डावीकडे आहे आणि त्या खोलीचा थोडा घुमाराही आवाजात आहे. तुम्ही पुन्हा पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारा नॉब) डावीकडे फिरवलंत, तर व्हायोलिनवाला खुर्चीसकट भिंतीत जाऊन बसतो. उलट, काही लायब्ऱ्या अगदी कोरड्या असतात. त्यांना जागाही तुम्हीच द्यायची आणि खोलीही.

ओळखायचं कसं? सगळे रिव्हर्ब बंद करा. स्टॅकाटो, म्हणजे तुटक सूर, एकच जोरात वाजवा आणि हात उचला. हेडफोन घालून, डोळे मिटून ऐका. सूर चाकूने कापल्यासारखा थांबला, तर लायब्ररी कोरडी. मागे अर्धा-एक सेकंद धुरासारखं काही रेंगाळलं, तर ती ओली. मग तोच सूर आवाज कुठून येतोय हे बघायला पुन्हा वाजवा. कागदावर वाद्याच्या नावापुढे 'कोरडं' किंवा 'ओलं' लिहून ठेवा. कोरडी आणि ओली वाद्यं एकाच गाण्यात वापरायची असतील, तर ओल्या वाद्यांना रिव्हर्ब कमी, कोरड्यांना जास्त. एकाच मापाने दोघांना दिलंत की जमत नाही.

कोरडं वाद्य पॅन करतानाची एक खोच सांगतो. वाद्याचा आवाज स्टिरिओ असेल, तर रीपरचा नेहमीचा पॅन फक्त एका बाजूचा आवाज कमी करतो. त्यामुळे वाद्य सरकल्यासारखं वाटण्याऐवजी अर्धं कापल्यासारखं वाटतं. पॅनच्या नॉबवर राइट क्लिक करून स्टिरिओ पॅन निवडा, रुंदी कमी करा, मग सरकवा. आणि अगदी टोकाला कुणाला नेऊ नका.

ट्रॅक आणि फोल्डर

प्रत्येक वाद्याला एक ट्रॅक. मग चार रिकामे ट्रॅक करून त्यांना फोल्डर बनवा: स्ट्रिंग्ज, वुडविंड, ब्रास, पर्कशन. वाद्यांचे ट्रॅक आपापल्या फोल्डरात टाका. रीपरमध्ये फोल्डरातला आवाज आपोआप फोल्डरच्या ट्रॅकमधून जातो, वेगळी तार जोडावी लागत नाही. आता ब्रास एकूणच जड झालं, तर एकच फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घ्यायचा.

वाजवण्याबद्दल थोडक्यात: सूर नुसते टाकून ऑर्केस्ट्रा जिवंत होत नाही. मिडीच्या, म्हणजे कीबोर्डवरून सॉफ्टवेअरला जाणाऱ्या सूचनांच्या, सीसी १ ने (मॉड व्हीलने) वाद्याचा जोर बदलतो आणि सोबत त्याचा पोतही. सीसी ११ ने फक्त आवाज लहानमोठा होतो. लांब सुरांसाठी हे दोन्ही सीसी हाताने फिरवून भरा. हे न करता रिव्हर्बकडे आलात, तर निर्जीव सूर नुसते घुमतील.

लांब म्हणजे नेमकं काय

गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक अजून दोन गल्ल्या पलीकडे असताना घरात काय ऐकू येतं? नुसता धुम्, धुम्. ताशाची कडकड पथक गल्लीच्या तोंडाशी आलं की मग कानावर पडते. जाड आवाज इमारतींना वळसा घालून येतो, बारीक आवाज भिंती अडवतात आणि हवाही खाते. कान लहानपणापासून हे शिकलेला असतो, की बोथट आवाज लांबचा आणि धारदार आवाज जवळचा. सभागृहातल्या १४ मीटरांत हवा फारसं काही खात नाही, तरी मागच्या वाद्यांचं ८००० हर्ट्झच्या वरचं टोक २ डेसिबलने उतरवलं की कान लगेच त्यांना मागे बसवतो. त्याहून जास्त उतरवू नका, ट्रम्पेट रजईत गुंडाळल्यासारखा होतो.

दुसरी खूण प्रमाणाची. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने कमी होतो. खोलीचा घुमारा मात्र कुठेही बसा, साधारण तेवढाच राहतो. म्हणजे लांबच्या वाद्यात थेट आवाज कमी आणि घुमाऱ्याचा वाटा जास्त. जवळच्याचं उलट.

तिसरी खूण वेळेची, आणि नवखे हमखास ही उलटी लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. समजा व्हायोलिन तुमच्यापासून ५ मीटरवर आहे आणि बाजूच्या भिंतीवर आपटून येणारा तिचा आवाज १३ मीटर फिरून येतो. फरक ८ मीटरांचा, म्हणजे थेट आवाजानंतर साधारण २३ मिलिसेकंदांनी पहिला पडसाद. टिंपनी १४ मीटरवर, मागच्या भिंतीला लागून. तिचा पडसाद १६ मीटर फिरून येतो. फरक २ मीटर, म्हणजे जेमतेम ६ मिलिसेकंद. म्हणून जवळच्या वाद्याला प्री-डिले जास्त आणि लांबच्याला कमी. 'लांब आहे म्हणून उशीर जास्त' असं वाटणं साहजिक आहे, पण प्री-डिले मोजतो तो थेट आवाज आणि पडसाद यांच्यातली फट.

पडसादांचे तीन बस, घुमाऱ्याचा एक

रिव्हर्बचे दोन भाग असतात. सुरुवातीचे सुटे पडसाद सांगतात की वादक कुठे बसलाय. नंतरचा एकजीव घुमारा सांगतो की खोली केवढी आहे. वादकांच्या जागा वेगवेगळ्या, म्हणून पडसाद वेगवेगळे. खोली एकच, म्हणून घुमारा एकच.

चार नवे ट्रॅक करा आणि नावं द्या: जवळ, मध्य, लांब, हॉल. अनेक वाद्यांचा आवाज एकत्र येतो अशा या ट्रॅकना बस म्हणतात.

पहिल्या तिघांवर आधी रीपरचं रीडिले (आवाज उशिरा देणारं प्लगिन), मग ड्रॅगनफ्लाय अर्ली रिफ्लेक्शन्स. रीडिलेत वेळ अनुक्रमे २३, १५ आणि ६ मिलिसेकंद ठेवा, ड्राय (मूळ, इफेक्टविना आवाज) आणि फीडबॅक पूर्ण बंद. तिथे वेळेचे दोन स्लायडर असतात, एक मिलिसेकंदांचा आणि एक मात्रांचा. मात्रांचा शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर पडसाद अर्ध्या ओळीने उशिरा येतील आणि चूक कुठे आहे ते तासभर सापडणार नाही.

'हॉल'वर ड्रॅगनफ्लाय हॉल टाका. ड्राय शून्य, अर्ली शून्य, कारण ती कामं दुसरीकडे झाली आहेत. फक्त लेट, म्हणजे नंतरचा घुमारा, पूर्ण. प्री-डिले २० मिलिसेकंद. डिके किती? आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ हे त्याचं माप. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून यावर प्रयोग केले आणि १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलसाठी ते वापरले. हा हॉल आणि व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन, जगातली नावाजलेली ही दोन सभागृहं प्रेक्षक भरलेले असताना २ सेकंदांच्या आसपास घुमतात. तेव्हा तुमचा ४ सेकंदांचा प्रीसेट कितीही भव्य वाटला, तरी २ वर आणा.

आता तारा. स्ट्रिंग्ज फोल्डरच्या राउट बटणावरून माउस ओढून 'जवळ' ट्रॅकवर सोडा, सेंड (आवाजाची प्रत दुसऱ्या ट्रॅकला नेणारी तार) तयार होतो. वुडविंड 'मध्य'ला, ब्रास आणि पर्कशन 'लांब'ला. सेंड उणे १० डेसिबलवर ठेवून सुरुवात करा. मग चारही फोल्डरांचा दुसरा सेंड 'हॉल'ला: स्ट्रिंग्ज उणे १५, वुडविंड उणे १२, ब्रास उणे १०, पर्कशन उणे ९. हे कोरड्या वाद्यांसाठी. बीबीसीसारख्या ओल्या वाद्यांना पडसादांचे सेंड बंदच ठेवा आणि हॉलचे आणखी ४-५ डेसिबल खाली. सेंड फेडरनंतरचा असावा. रीपर तो तसाच देतो, पण बघून घ्या. फेडरआधीचा असला, तर व्हायोलिन खाली घेतलं तरी त्याचा घुमारा भुतासारखा मागे राहतो.

शेवटी 'हॉल'वर, रिव्हर्बच्या आधी, रीईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारं प्लगिन) टाकून २०० हर्ट्झच्या खालचं कापा. डबल बेस आणि टिंपनी घुमायला लागल्या की चिखल तिथूनच सुरू होतो.

आवाज विचित्र आला तर

बहुतेक वेळा कारण या तिघांपैकी एक असतं. वाद्याच्या ट्रॅकलाही सेंड आहे आणि त्याच्या फोल्डरलाही, त्यामुळे घुमारा दुप्पट. किंवा रिव्हर्बच्या ट्रॅकमधून ड्राय आवाज गळतोय. तपासायला वाद्यांच्या फोल्डरांचा मास्टर सेंड (शेवटच्या एकत्र ट्रॅकला, मास्टरला, जाणारी तार) काढा. आता फक्त खोली ऐकू यायला हवी, सुराची धार आली तर गळती आहे. किंवा वाद्याच्या प्लगिनमधलाच रिव्हर्ब चालू राहिलाय. बीबीसीत रिव्हर्बचा नॉब असतो, तो शून्यावर आणा. आल्ट आणि आर दाबलं की रीपर सगळ्या तारांचा तक्ता दाखवतो. त्यात कोण कुठे जोडलंय ते एका नजरेत कळतं. सातपूरच्या मुलाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही तो तक्ता लावूनच एकेक गाठ सोडवली. बावीस रिव्हर्ब काढून चार ठेवले आणि त्याला स्वतःची व्हायोलिन पहिल्यांदा नीट ऐकू आली.

लॅपटॉप अडखळत असेल, तर वाजवताना बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप) १२८ आणि मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ ठेवा. तरी भागलं नाही, तर पूर्ण झालेले ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा तयार ऑडिओ करून ठेवा.

खऱ्या जागेचा घुमारा

चार बस हाताळायला जमले की कन्व्होल्यूशन बघा. एखाद्या खऱ्या जागेत एकच क्षणिक स्फोटासारखा आवाज करून तिचा प्रतिसाद ध्वनिमुद्रित करतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. ती फाइल रीपरच्या ReaVerb या प्लगिनमध्ये टाकली की तुमचं वाद्य त्या जागेत वाजतं. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात अशा बऱ्याच फाइली मिळतात. पण स्वतः एक करून बघाच. जुन्या नाशकात कुणा नातलगांचा वाडा असेल, तर दुपारच्या शांत वेळी चौकात एका टोकाला रेकॉर्डर आणि दुसऱ्या टोकाला फुगा. फट्कन फोडा, मग आवाज पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. फाइल फुग्याच्या आवाजापासून सुरू होईल अशी कापा, झाली. त्या चौकात वाजलेली क्लॅरिनेट ऐकताना अंगावर काटा येतो.

पांडवलेण्यांत मात्र फुगे नेऊ नका. ते संरक्षित स्मारक आहे आणि लोकांचं श्रद्धेचं ठिकाणही. तिथे फक्त कान घेऊन जा. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात उभं राहून हलकेच बोला आणि दगड आवाज कसा परत देतो ते ऐका. दगड आवाज फारसा शोषत नाही, परतवतो. एकदा ते नीट ऐकलं की डिकेचा स्लायडर फिरवताना मनात एक माप असतं.

नाट्यगृहात नेण्याआधी

काही वर्षांपूर्वी एका एकांकिकेसाठी मी ब्रासचा मोठा प्रवेश केला होता. घरी हेडफोनवर डोळे भरून यावेत असा वाजायचा. प्रयोगात नायिकेचं शेवटचं वाक्य त्यात बुडालं. माझ्या फाइलमधला घुमारा, त्यावर त्या सभागृहाचा स्वतःचा घुमारा, आणि वर दोन्ही बाजूंचे स्पीकर एकच मोनो आवाज देणारे. त्या मुलीने दोन महिने घासलेलं वाक्य होतं ते. मला त्याचं वाईट अजून वाटतं, आणि तेव्हापासून दोन गोष्टी चुकवत नाही.

पहिली, मास्टरवरचं मोनो बटण दाबून पूर्ण संगीत एकदा ऐकायचं. मोनोत एखादं वाद्य पोकळ किंवा गायब झालं, तर पडसादांचा बस जास्त झालाय, तो खाली घ्यायचा.

दुसरी, फाइल एक न देता दोन द्यायच्या. एकीत फक्त वाद्यं, दुसरीत फक्त जवळ, मध्य, लांब आणि हॉल. बस वेगळे असल्यामुळे हे दोन मिनिटांचं काम आहे. फक्त दुसरी फाइल काढताना वाद्यांचे ट्रॅक म्यूट करू नका, त्यांचा मास्टर सेंड तेवढा काढा, नाहीतर रिव्हर्बला काही पोचणारच नाही. दोन्ही ४८ किलोहर्ट्झ, एकाच ठिकाणाहून सुरू होणाऱ्या. रेंडरच्या, म्हणजे फाइल काढायच्या, खिडकीत टेलची खूण करून ३००० मिलिसेकंद द्या, म्हणजे शेवटचा घुमारा मधेच तुटणार नाही. कालिदास कलामंदिर असो की साईखेडकर नाट्यगृह, तांत्रिक तालमीला ध्वनी सांभाळणाऱ्याच्या शेजारी बसू नका. पाचव्या-सहाव्या रांगेत जाऊन बसा, नटांना वाक्यं बोलायला सांगा आणि शब्द स्वच्छ ऐकू येईपर्यंत त्याला दुसऱ्या फाइलचा फेडर खाली घ्यायला सांगा. प्रेक्षक भरले की थिएटर आणखी थोडं कोरडं होतं, तेव्हा रिकाम्या थिएटरात किंचित जास्त वाटलं तरी तिथेच थांबवा आणि तो आकडा क्यू-शीटवर लिहून घ्या.